डावा स्पीकर

कणकवलीच्या दुकानात तन्वीर मुकादमने विचारलं,
"बाई, खोली केवढी?"
बारा बाय चौदा, म्हटलं. भिंती चिऱ्याच्या,
वर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी.
पश्चिमेला खिडकी. ती उघडी राहिली
की कपाटाच्या किल्लीलाही गंज चढतो.
डॉक्टरसारखी त्याने मान डोलावली.
"मग कागदी कोन नको, पावसाळ्यात पापडासारखा सादळेल.
आणि टर्मिनल सोन्याचा मुलामा दिलेली घ्या,
पितळ देवगडात दोन वर्षांत हिरवं पडतं."
सोनं मी अंगावर कधी घातलं नाही,
ते आता तारेला घालू?
"तारेला शोभेल," म्हणाला, आणि जीभ चावली.

वॅटचं मला सांगू नको, बाबा.
एकतीस वर्षं एसटी स्टँडच्या केबिनमध्ये बसले,
भोंगा डाव्या खिडकीबाहेर, हातभर अंतरावर.
मुणगेमार्गे आचऱ्याला जाणारी गाडी
फलाट क्रमांक दोनवर लागत आहे.
उजवीकडच्या माइकात बोलायचे
आणि माझंच बोलणं डाव्या कानावर येऊन आपटायचं,
अनोळखी बाईचं असल्यासारखं, जरा रागावलेलं.
निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला.
डावा कान तिथेच राहिला.

शेजारची द्रौपदी कुबल म्हणाली होती,
"कान येक आसा, मगे दोन पेट्ये कित्याक?"
उत्तर मला तेव्हाही आलं नाही.

मुकादमने तीन अॅम्प्लिफायर मांडले.
गाणं लावू नकोस, म्हटलं, नुसते चालू कर.
मला घरघर ऐकायची होती.
माइकचं बटण दाबल्यावर, बोलण्याआधी, जी येते ती.
पहिला निळ्या दिव्यांचा,
मुलाकडच्या व्याह्यासारखा गप्प बसूनही बोलत होता.
दुसऱ्याचं गाणं पाणी घातलेली सोलकढी.
तिसरा जुना, मालवणच्या कुठल्याशा हॉटेलातून आलेला,
पाट्यासारखा जड, एक खुंटी हलणारी.
त्याने काहीच केलं नाही.
मी पिशवीतून कॅसेट काढून दिली
आणि खोलीत माणूस गायला लागला.

"हा लग्गेच बिघडला तर?"
हे मी विचारायला हवं होतं, विचारलं त्यानेच.

परतीच्या गाडीत दोन पेट्या सीटवर, अॅम्प मांडीवर.
कंडक्टर नवा पोरगा, लगेजचं तिकीट फाडलंच त्याने.
स्टँडवर आता रेकॉर्ड केलेला आवाज असतो,
त्याला आचऱ्याचा 'च' नीट म्हणता येत नाही.

स्पीकर भिंतीपासून दीड हात पुढे ओढले,
खाली रबराचे तुकडे, समोरच्या भिंतीवर गोधडी.
पाणीमीटरसारखा स्टॅबिलायझर कोपऱ्यात टकटकतो.
कॅसेट डेपोतल्या मेकॅनिक घाडीने भरलेली,
देवळासमोरची डबलबारी, दोन टोकांना दोन माइक:
उजवीकडे वायंगणकर बुवा, डावीकडे हिंदळेकर.
रात्रभर चालली होती ती. मी समोरच होते.
शेवटच्या गजराला हिंदळेकर गप्प बसले,
हरले, असंच मी सगळ्यांना सांगत आले.

पहिल्यांदा स्पीकरकडे तोंड करून ऐकली.
वायंगणकर जिंकले.

मग खुर्ची फिरवली,
स्पीकरकडे पाठ, समोर गोधडीची भिंत,
आता उजवा कान डाव्या पेटीच्या बाजूला.
पखवाज जवळ आला. कुणीतरी खोकलं, पानाचा डबा वाजला.
वायंगणकरांचा गजर लांबून, पलीकडच्या वाडीतून यावा तसा,
आणि इथे, अगदी माझ्या खांद्याशी,
हिंदळेकर बुवा गात नव्हते,
समोरच्याच्या गजराला
झांज धरून साथ करत होते.

मी कॅसेट मागे फिरवली.
द्रौपदीला हाक मारली, खुर्ची आणखी एक आणली.
तिला दोन्ही कान आहेत, तिने मधे बसावं.
तिने विचारलं, "कोण जिकलो?"
म्हटलं, थांब,
आधी ऐक.